मागून येणारा

गोकुळ वाढई आल्याशिवाय छावणीतली गाडी हलत नसे. तसा नियम कुणी केला नव्हता. ड्रायव्हर इंजिन चालू करून बसे, मागं पाण्याचे कॅन चढवलेले असत, स्वयंपाकघरातली माणसं दारात येऊन उगाच काहीतरी विसरल्यासारखं करत. मग गोकुळ तोंडात ब्रश, एका पायात बूट, असा लंगडी घालत येई. सगळे हसत आणि गाडी निघे.

भूषण उरकुडेला उशीर झाला की गाडी निघून जाई.

असं कैकदा झालं. ड्रायव्हर संध्याकाळी प्रामाणिकपणे सांगे, की अरे, मला वाटलं तू बसलायस. त्याच्या मनात काही वाईट नसे. द्वेष असता तर भूषणला बरं वाटलं असतं. द्वेष करायला माणूस लक्षात तरी ठेवावा लागतो.

दोघंही चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीचे. दोघांनीही उमेदीची वर्षं वाघ मोजण्यात घातलेली. झाडाच्या बुंध्याला गुडघ्याच्या उंचीवर कॅमेरा बांधायचा, समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. भूषण या कामात आधी लागला. पट्टा कसा आवळायचा, समोरचं गवत किती छाटायचं, कार्ड कसं बदलायचं, हे गोकुळला त्यानंच शिकवलं. झांबियातल्या शिकारीच्या खोऱ्यासाठी पुण्याच्या कंपनीनं माणसं मागितली, तेव्हा गोकुळचं नावही त्यानंच दिलं. परदेशी एकट्यानं जायची भीती वाटली म्हणून दिलं. ही गोष्ट तो आता स्वतःलाही सांगत नसे. "मी आणला त्याले," एवढंच सांगे.

आणि आणलेला माणूस दोन महिन्यांत तिथली भाषा बोलायला लागला. स्वयंपाक्याबरोबर मक्याचा घट्ट गोळा हातानं मोडून खायला लागला. छावणीचं भटकं कुत्रं, जे भूषणनं टाकलेली भाकर खाई, ते झोपायला गोकुळच्या तंबूत जाई. भद्रावतीहून आईचा फोन आला की तिचा पहिला प्रश्न असे, "गोकुळ जेवला का रे?" सख्खी आई. भूषण सांगे, जेवला. मग ती विचारी, अन् तू?

हे दुसरं "अन् तू" त्याच्या पोटात जाऊन बसे आणि दिवसभर जळत राही.

*

शिकारीच्या खोऱ्यात कॅमेरे नवे नव्हते. पाणवठ्यावर, नदीच्या उतारावर, आमिष म्हणून टांगलेल्या मांसासमोर ते पूर्वीपासून असत. कुठलं जनावर कुठल्या वाटेनं येतं हे आधीच कळलं की लाखो मोजून आलेल्या पाहुण्याला उन्हात भटकावं लागत नाही. तो न्याहारी करून जातो, गोळी घालतो आणि जेवायला परत येतो. याला शिकार म्हणतात. म्हणोत.

नंतर जगभर शिकारीविरुद्ध बोंब वाढली आणि धंदा बसायची वेळ आली. तेव्हा कुणा हुशार माणसानं विचारलं, की कुठलं जनावर मारलं तर कळपाला काहीच फरक पडणार नाही, हे मोजता आलं तर? पुण्याच्या कंपनीनं मोजून दाखवलं. शिंगांवरच्या खाचा, कानांच्या फाटी आणि चालण्याची ढब यांवरून तिचं यंत्र एकेक जनावर ओळखायचं. कोण कुणाच्या मागून चालतं, कोण कुणासाठी थांबतं, कोण आल्याशिवाय कोण पाण्याला तोंड लावत नाही, हे हंगामभर टिपायचं. त्यातून एक जाळं विणायचं. प्रत्येक जनावर म्हणजे गाठ, प्रत्येक ओढ म्हणजे धागा. मग यंत्र त्यातली एक गाठ पुसे आणि उरलेला कळप संगणकात पुढं चालवून बघे. वाटा बदलल्या का? वासरं मागं पडली का? कुणी घुटमळलं का? जितका बदल, तितका त्या जनावराचा 'पोकळी'चा आकडा. आकडा मोठा असेल तर हात लावायचा नाही. शून्याजवळ असेल तर जनावर मोकळं. म्हणजे मारायला मोकळं.

बहुतेक वेळा मोकळे निघत ते म्हातारे रानरेडे. आपल्याकडच्या गव्यासारखे आडदांड, कपाळावर शिंगांची ढाल, आणि कळपानं हाकलून दिलेले. सगळ्यांची सोय झाली. ओरडणारे गप्प बसले, सरकारला परवाना द्यायला कारण मिळालं, आणि श्रीमंतांना गोळीबरोबर पुण्यही विकत मिळायला लागलं. फक्त एक गोष्ट कुणी बोलली नाही. ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही त्याला काढून टाकायला हरकत नाही, हा हिशेब एकदा कायद्यात बसला की तो जनावरांपाशी कशाला थांबेल?

तो थांबला नाहीच. हंगाम अर्ध्यावर आला तेव्हा पुण्याहून कंपनीच्या संज्योतमॅडम स्क्रीनवर आल्या. खर्च वाढलाय, म्हणाल्या. पुढच्या हंगामापासून खोऱ्यात दोघांऐवजी एकच माणूस ठेवायचा, तोच कॅमेराप्रमुख, पगार दुप्पट. निवड कशी, तर वशिला नाही, मुलाखत नाही. छावणीतल्या कॅमेऱ्यांत तुम्ही सगळे दिसताच. आपलंच तंत्रज्ञान आपल्यालाही लावू. हे त्या इतक्या आनंदानं म्हणाल्या, जणू काही वाढदिवसाचा केक कापायला बोलावत होत्या.

गोकुळ हसला. भूषण हसला नाही.

एरवी फोटोत माणूस आला की यंत्र त्याच्यावर करडा डाग टाकी, कारण मोजायची ती जनावरं. हा डाग काढायची सोय तपासणीसाठी दोघांकडेही होती. त्याच दुपारी, सगळे झोपलेले असताना, भूषणनं छावणीच्या फोटोंवरचा डाग काढला आणि यंत्राला माणसं मोजायला लावली.

गोकुळची गाठ पुसली तशी छावणी विस्कटली. ड्रायव्हरची वाट बदलली, स्वयंपाकी दारात येईनासा झाला, कुत्रंसुद्धा दोन तंबूंच्या मध्ये गोल गोल फिरत राहिलं. मग त्यानं स्वतःची गाठ पुसली.

काहीच झालं नाही. गाडी वेळेवर निघाली. चुली पेटल्या, माणसं आली, गेली. यंत्रानं त्याच्या नावापुढं तोच शब्द टाकला जो ते रेड्यांपुढं टाकी. मोकळा.

माणूस म्हणतो मत्सर म्हणजे आग. भूषणला ती थंड लागली. त्याला आधीपासून हे माहीतच होतं. आता फक्त त्यावर शिक्का बसला होता.

*

दुसऱ्या दिवशी त्यानं कॅमेऱ्यांची लाईन वाटून घेतली. दक्षिणेकडचे कॅमेरे गोकुळचे, उत्तरेकडचे, नदीवरचे, माझे. उत्तरेला सिग्नल नव्हता. चालत जाऊन हातानं कार्डं काढून आणावी लागत. छावणीची प्रमुख शिकारी म्वांसाबाई, पन्नाशीची, कमी बोलणारी. तिनं सांगितलं की रायफलवाला बरोबर घेतल्याशिवाय तिकडं जायचं नाही. भूषणनं लेखी दिलं की माझ्या जबाबदारीवर जातो. त्याला कुणाची सोबत नको होती. खरं तर त्याला सोबत नाकारताना कुणीतरी आग्रह करायला हवा होता. म्वांसाबाईनं कागद घडी करून खिशात ठेवला.

आणि उत्तरेच्या कॅमेऱ्यांवर त्यानं आपल्या हातानं डिले लावला. एक फोटो काढला की पुढचा काढण्याआधी कॅमेरा जितका वेळ डोळे मिटून घेतो, तो डिले. त्यानं दीड मिनिट ठेवला. ताडोब्याची सवय. वाघ एकटा चालतो; तो एकदा टिपला की काम झालं. डिले ठेवला नाही तर मागून चितळांचा कळप जातो आणि सगळी बॅटरी त्यांच्या शेपट्यांवर खर्च होते. ज्याच्या बॅटऱ्या जास्त टिकतात तो चांगला माणूस, अशी वाघवाल्यांत पद्धत. भूषणच्या सगळ्यात जास्त टिकत. गोकुळ दक्षिणेला डिले अजिबात ठेवत नसे, आठवड्याला बॅटऱ्या बदलायला अर्धी छावणी घेऊन गाणी म्हणत जाई. भूषण मनात म्हणे, नालायक.

महिन्याभरात उत्तरेच्या वाटेवर त्याला एक रेडा सापडला. डावं शिंग टोकाला तुटलेलं, कान फाटून दोन पानं झालेली, छातीवर चिखलाचा थर. फोटोमागून फोटो, दर वेळी एकटा. यंत्रानं आकडा काढला: शून्याला लागून. मोकळा. हंगामातला सगळ्यात मोठा मोकळा रेडा भूषणच्या लाईनीवर निघाला होता.

त्याच आठवड्यात पाहुणा आला. रणधीर जाचक, बारामतीकडचा, रस्त्यांची कंत्राटं घेणारा. छावणीत मराठी माणसं आहेत हे कळल्यावर तो हरखला. रेड्याचे फोटो बघून त्यानं भूषणच्या पाठीवर थाप मारली. "उरकुडे, आपल्या माणसानं हुडकलेला रेडा आपणच मारणार. तू पाहिजेस बरं का बरोबर. तुझ्याशिवाय जायचं नाही."

तुझ्याशिवाय जायचं नाही. हे भूषणला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी म्हटलं होतं, आणि ते म्हणणारा माणूस भिंतीवर लावायला मुंडकं न्यायला आलेला होता. भूषणला चालणार होतं.

संध्याकाळी गोकुळ त्याच्या तंबूत आला. उभाच राहिला.

"भूषण, तुह्या वाटेवरचा तो रेडा एकटा नाई हाये बे. मांगून दुसरा येते. जरा अंतर ठेवून येते. तुहा डिले पाय ना, वाघाचा ठेवला हाये तू. पहिल्याचा फोटो निघते अन् कॅमेरा झोपते, तवर दुसरा निघून जाते. दोघं जोडीनं असन तर ते मोकळे नाईत."

भूषणला हे एका क्षणात पटलं. चांगल्या कामगाराला आपली चूक दुसऱ्यानं दाखवायच्या आधी अर्धी दिसलेली असते. दोन-तीन फोटोंत रेडा मान वळवून मागं बघत होता, ते त्यानं पाहिलं होतं. पण हे बोललं कोण? गोकुळ. आता हाही रेडा गोकुळचा होणार. म्वांसाबाई म्हणणार, बरं झालं गोकुळ होता.

"तुले कोनं सांगतलं माह्या लाईनीवर जायाले?"

"तू एकटा जाते तिकडं, म्हणून म्या म्हटलं..."

"माह्या मांगं मांगं फिरू नोको. लई झालं तुहं. जिथं जाईन तिथं तूच. माही मायसुद्धा तुलेच इचारते. पुन्हा तिकडं दिसला ना, तं तंगडं तोडीन."

गोकुळ मग नेहमीसारखा हसला.

"नाई दिसत," म्हणाला आणि गेला.

भूषणनं डिले बदलला नाही. चूक झाली होती ती त्या संध्याकाळपर्यंत. त्यानंतर जे झालं त्याला चूक म्हणत नाहीत.

*

परवाना यायला दहा-बारा दिवस गेले, तोवर भूषण त्याच वाटेनं पुढच्या कॅमेऱ्यांकडं जात राहिला. शिकारीच्या सकाळी गोकुळ गाडीपाशी आला आणि म्वांसाबाईला म्हणाला, की मीही येतो, मागं राहीन. भूषणनं तिला बाजूला घेऊन सांगितलं की वाट माझी आहे, माणसं वाढली की रेडा बिथरतो. बाई दोघांकडं बघत राहिली. मग तिनं गोकुळला मान हलवून नको म्हटलं. गाडी निघाली. भूषणनं मागं वळून पाहिलं नाही, पण ओठांतल्या ओठांत हसला.

नदीच्या अलीकडं गाडी सोडून ते एका रांगेत चालले. पुढं म्वांसाबाई, मग जाचक, शेवटी भूषण. वाटेवरच्या वळणाला त्याचा कॅमेरा होता. त्याच्या समोरून जाताना भूषणनं छाती जरा पुढं काढली.

रेडा चिखलाच्या डबक्याशी उभा होता. जाचकनं काठीच्या तिवईवर बंदूक टेकवली, बराच वेळ श्वास सांभाळला आणि गोळी झाडली. रेडा गुडघ्यांवर आला, उठला, परत बसला. शेवटी त्यानं लांब, घोगरा आवाज काढला. मरणारा रेडा असा ओरडतो. शिकारी लोक या आवाजाची वाट बघतात, कारण तो आला की काम झालं असं समजतात.

तो आवाज शिकाऱ्यांसाठी नव्हता. पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात येणार? जाचक टोपी काढून घाम पुसत होता. म्हणाला, "उरकुडे, ये इकडं, फोटोत ये." भूषण पुढं झाला. मेलेल्या रेड्याच्या शिंगावर हात ठेवून तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला फोटोत बोलावलं होतं.

दुसरा रेडा त्याच वाटेनं आला, ज्या वाटेनं पहिला आला होता. तेवढंच अंतर ठेवून. तो गवताच्या काठाशी क्षणभर थांबला, पडलेल्याकडं बघितलं, आणि नाक वर करून सरळ भूषणवर आला. म्वांसाबाई आणि रेडा यांच्या मध्ये जाचक उभा होता. तिला गोळी घालता येईना.

गोळी मागून आली. रेडा गोळी खाऊन बाजूला वळला आणि जिथून गोळी आली तिकडं गेला. गवतातून माणसाचा आवाज आला, हाड मोडल्याचा आला, मग म्वांसाबाईच्या बंदुकीचा, एकदा, परत एकदा.

गवतात गोकुळ पडला होता, छावणीतून आडवाटेनं धावत आलेला. हातात छावणीतली जुनी रायफल. एक पाय मांडीपासून भलत्याच दिशेला वळलेला. मान धरून तो आकाशाकडं बघत होता. भूषण जवळ गेला तेव्हा म्हणाला, "दिसलो बे शेवटी."

भूषणच्या मनात पहिला विचार काय आला हे लिहितो, कारण ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्या मनात आलं: हा आजसुद्धा आला. आजचा दिवससुद्धा यानं माझा ठेवला नाही.

जाचक दुसऱ्या रेड्यापाशी उभा होता. म्वांसाबाईला विचारत होता, की याचं मुंडकं नेता येईल का, दंड काय असेल तो भरू.

*

छोटं विमान गवताच्या धावपट्टीवर उतरलं तेव्हा सगळी छावणी तिथं होती. स्वयंपाक्यानं डोक्याला बांधलेलं फडकं सोडून डोळ्यांना लावलं होतं. ड्रायव्हर स्ट्रेचरचा एक दांडा दुसऱ्या कुणाला धरू देईना. कुत्रं विमानाखाली जाऊन बसलं, त्याला ओढून काढावं लागलं. भूषण बाजूला उभा होता आणि बघत होता. रडणारी माणसं मोजत होता. माझ्यासाठी यातले किती आले असते? जखमी दोस्ताच्या स्ट्रेचरमागं उभं राहून माणूस असा विचार करू शकतो. करतो. त्यानं केला.

दोन दिवसांनी संज्योतमॅडम स्क्रीनवर आल्या. झालं ते वाईट झालं, म्हणाल्या. गोकुळच्या उपचाराचं कंपनी बघेल. आणि आता निवडीचा प्रश्नच उरला नाही, अभिनंदन. फक्त वन्यजीव खात्याला चौकशीसाठी उत्तरेची सगळी कार्डं द्यायची आहेत. औपचारिकता आहे, म्हणाल्या.

भूषण कार्डं काढायला गेला. आता तो कॅमेराप्रमुख होता. बरोबर कुणी नव्हतं.

वळणावरच्या कॅमेऱ्याचं झाकण उघडलं आणि तो थबकला. डिले शून्यावर होता. त्यानं ठेवला नव्हता. भांडणानंतर या कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं काढलंच नव्हतं. रेडा मोकळा ठरवायला लागणारे फोटो त्याच्याकडं आधीच जमले होते. गोकुळनं केव्हातरी येऊन, न दिसता, एवढा एकच आकडा बदलला होता.

तिथंच बुंध्याशी बसून त्यानं कार्ड फोटो बघायच्या छोट्या यंत्रात घातलं.

तुटक्या शिंगाचा रेडा. वाट रिकामी. मग दुसरा रेडा, तितकाच म्हातारा, एका डोळ्यानं आंधळा. पुढचा पाण्यावरून परतला की हा परतला. पुढचा वळणावर थांबून मान मागं करी, हा दिसला की चालू लागे. रोज. जोडीतला एक दुसऱ्याचे डोळे होता. म्हणूनच मागचा थोडं अंतर ठेवून चालत होता, आवाजाच्या मागून.

मग भूषण. पाठीला पिशवी, नजर समोर. वाट रिकामी. मग गोकुळ, रायफल खांद्यावर, झाडाआडून झाडाआड.

परत भूषण. मग गोकुळ.

पावसाळी ढग आलेल्या दिवशी भूषण, आणि मागं गोकुळ, डोक्यावर प्लास्टिक. दुपारच्या उन्हात भूषण, आणि मागं गोकुळ, कुत्र्याला तोंडावर बोट ठेवून गप्प करणारा. एका फोटोत गोकुळ कॅमेऱ्यासमोर थांबून हसला होता. त्याला माहीत होतं की हा फोटो एक दिवस कोण बघणार आहे.

छावणीत परतल्यावर भूषणनं करडा डाग काढला. हे फोटो छावणीच्या फोटोंत घातले आणि यंत्राला परत मोजायला लावलं. बाकीचे धागे तसेच राहिले, केसासारखे. एक धागा दोरखंड झाला. त्याच्या नावापुढचा 'मोकळा' हा शब्द निघून गेला आणि तिथं आकडा आला. छावणीतल्या कुणाही माणसाला हेवा वाटावा असा आकडा. तो सगळाच्या सगळा एका माणसामुळं होता.

दोन्ही रेड्यांचा आकडाही त्यानं काढला. तो बघून त्यानं यंत्र बंद केलं.

कार्ड त्यानं म्वांसाबाईच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. गोकुळनं डिलेबद्दल कधी सांगितलं, ते ऐकून आपण काय केलं, तेही. तिनं शांतपणे विचारलं की हे खात्याकडं गेलं तर तुझं काय होईल ते कळतं ना. त्यानं हो म्हटलं. मग तो म्हणाला, रायफल त्याला तुम्हीच दिली होती?

"तो रोज मागायला यायचा," ती म्हणाली. "मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर त्याच्याबरोबर चाल. तो म्हणाला, त्याला आवडत नाही."

पुण्याचा फोन त्याच दिवशी आला. मॅडमचा आवाज आता केक कापणारा नव्हता. यंत्रावरचा जगाचा विश्वास एका कार्डानं घालवलात, म्हणाल्या. भूषण म्हणाला की यंत्रानं काही केलं नाही. डिले माझा होता, आणि चूक कळल्यावर गप्प बसलो तेही मीच. तरी त्या ऐकेनात. शेवटी चिडून म्हणाल्या, की तसाही छावणीतला तुमचा आकडा आम्ही पाहिलाय, तुम्ही गेलात तर खोऱ्यात कुणालाही फरक पडणार नाही.

"मंग जातो," भूषण म्हणाला.

खात्यानं दंड केला आणि त्याचं खोऱ्यात काम करायचं लायसन्स कायमचं काढून घेतलं. दंड भरून तो निघाला. धावपट्टीवर त्याला सोडायला ड्रायव्हर आला, कारण गाडी चालवायला कुणीतरी लागतंच. कुत्रंही आलं होतं. त्यानं भूषणची पिशवी हुंगली आणि त्याच्याकडं बघितलं, जणू विचारत होतं, की तो कुठाय?

*

कंपनीनं गोकुळला नागपूरच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. तिथं चौथ्या मजल्यावर भूषण पोचला, तेव्हा वॉर्डात हशा चालला होता. नर्स हसत होत्या, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसत होता, लादी पुसणारी बाई फडकं हातात धरून हसत होती. अर्थातच. पंधरा दिवसांत यानं इथंही मांड ठोकली होती. भूषणची स्वतःची आई डबा घेऊन तिथं बसलेली होती, भद्रावतीहून बसनं आलेली, आणि गोकुळला म्हणत होती, की अजून एक पोळी घे.

भूषण दारातच थांबला. पोटात तेच जळलं, जसं नेहमी जळे. विमानात बसून, दोन देश ओलांडून, सगळं गमावून आला होता, तरी जळलंच. ते काही जाणार नव्हतं. ते घेऊनच राहावं लागणार होतं.

नर्सनं गोकुळला उठवलं. चालायची वेळ झाली होती. मानेला पट्टा, पायात सळई, पुढं वॉकर. त्याला मान वळवता येत नव्हती, त्यामुळं दारात कोण उभं आहे ते त्याला दिसलं नाही. तो व्हरांड्यातून निघाला, ठक ठक करत. दोन्ही बाजूंच्या खाटांवरून लोक त्याला हाका मारत होते, आज किती लांब रे, विचारत होते.

भूषण आईला काही न बोलता त्याच्या मागं निघाला. अंतर ठेवून. गोकुळ थांबला की थांबला, चालला की चालला.

व्हरांड्याच्या टोकाला, जिथं खाटा संपत होत्या आणि हाका मारणारं कुणी नव्हतं, तिथं गोकुळ उभा राहिला. समोर खिडकी होती. त्यानं कान दिला.

"कोन हाये बे मांगं?"

"मीच आहो."

गोकुळनं वॉकरवरची पकड जरा नीट केली.

"मंग ठीक हाये," म्हणाला, आणि परत फिरायला लागला.